बेवारशी थडग्यांचे वारस कोण?

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायांत जमिनीच्या खरेदीचा एक लहानसा व्यवहार सांगितला आहे. अब्राहामाची पत्नी सारा कनान देशांत वारली. अब्राहामापाशीं शेळ्यामेंढ्या, उंट व चाकरमाणसें पुष्कळ होतीं. परंतु तो त्या देशांत परका होता आणि पाऊल ठेवण्यापुरतीहि जमीन त्याच्या मालकीची नव्हती. हेथाच्या वंशजांनीं त्याला आदरानें सांगितलें कीं, आमच्या कबरांपैकीं जी पसंत पडेल तींत तूं आपल्या मृतास मूठमाती दे. एफ्रोन नांवाच्या गृहस्थानें तर आपलें शेत व त्यांतील मकपेला येथील गुहा फुकट देऊं केली. पण अब्राहामानें तें मानलें नाहीं. त्यानें चारशें शेकेल रुपें सर्वांच्या देखत तोलून दिलें आणि मगच सारेला तेथें पुरलें.

जागा फुकट मिळत असतां त्यानें पैसे कां मोजले? त्या वृद्ध पुरुषाला जगाचा अनुभव होता. आजच्या स्नेहामुळें मिळालेल्या जागेची आठवण उद्यांच्या पिढीला राहीलच असें नाहीं, हें तो जाणून होता. परमुलुखांत ज्याला मरण येतें, त्याच्या थडग्याची राखण त्याच्यामागें कोणीं करावयाची, हा प्रश्न इतका जुना आहे. तोच प्रश्न आपल्या काळांत, २००५ सालीं, जपानची राजधानी टोकियो येथें उभा राहिला. त्याचा निकाल कसा लागला, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. कारण ज्यांच्या थडग्यांविषयीं तो वाद होता, त्यांपैकीं पुष्कळ जण शिक्षक होते.

टोकियोच्या मिनातो विभागांत, उंच इमारती व गजबजलेले रस्ते यांच्या मधोमध, आओयामा नांवाची एक विस्तीर्ण दफनभूमि आहे. तिचें क्षेत्रफळ सुमारें २६ हेक्टर, म्हणजे साठ एकरांहून अधिक भरतें. ही जागा पूर्वीं आओयामा नांवाच्या सरदार घराण्याची होती. १८७२ सालीं तेथें दफनभूमि झाली व १८७४ सालीं ती सर्व लोकांसाठीं खुली करण्यांत आली. वसंत ऋतूंत तेथील चेरीच्या झाडांना बहर येतो आणि शेंकडों लोक तो पाहावयास जातात. जपानी लोक बहुधा प्रेताचें दहन करून अस्थि पुरतात. म्हणून एका घराण्याची एकच शिला असते व तिच्याखालीं अनेक पिढ्यांच्या अस्थि विसावतात. शिबुया स्टेशनावर आपल्या मृत धन्याची जवळजवळ दहा वर्षें वाट पाहणारा हाचिको कुत्रा आपण चित्रांत पाहिला असेल. त्याचा धनी, प्राध्यापक उएनो, याच दफनभूमींत आहे व त्याच्या शिलेशेजारीं त्या इमानी जनावराचेंहि स्मारक आहे.

याच दफनभूमीचा एक भाग परदेशीयांचा आहे. तेथें क्रूस दिसतात, आणि इंग्रजी, जर्मन व इतर युरोपीय भाषांतील लेख दिसतात. हे लोक तेथें कसे आले? दोनशेंहून अधिक वर्षें जपाननें आपलीं दारें परक्यांस जवळजवळ बंद ठेविलीं होतीं. १८६८ सालीं मेजी युग सुरू झालें, तेव्हां नव्या सरकारनें ठरविलें कीं, जगांतील विद्या शिकून घेतल्याखेरीज देशाचा निभाव लागणार नाहीं. मग रेल्वे, नळाचें पाणी, नोटा, कायदे, शाळा या प्रत्येक कामासाठीं युरोप व अमेरिका येथून जाणते लोक पगार देऊन आणविण्यांत आले. जपानी भाषेंत त्यांना ‘ओयातोइ’, म्हणजे मानानें नोकरीस ठेविलेले, असें म्हणत. काम संपलें कीं, बहुतेक लोक परत गेले. कांहींना मात्र मृत्यूनें तेथेंच गांठलें. त्यांपैकीं चौघांची ओळख करून घेऊं.

पहिला हेन्री स्पेन्सर पामर. हा इंग्रज लष्करी इंजिनियर १८३८ सालीं आपल्याच देशांत, बंगलोर येथें जन्मला. योकोहामा शहराला त्यानें नळाचें पाणी आणून दिलें. १८८७ सालीं पुरें झालेलें तें काम म्हणजे जपानांतील अर्वाचीन पद्धतीचा पहिला पाणीपुरवठा होय. १८९३ सालीं तो टोकियोंत वारला.

दुसरा विल्यम बर्टन. हा स्कॉटलंडांतील एडिंबरोचा. १८८६ सालीं जपानांत पटकीची भयंकर सांथ आली व तींत एक लाखाहून अधिक माणसें दगावलीं. पुढच्याच वर्षीं बर्टनला बोलावून नेण्यांत आलें. टोकियोच्या विद्यापीठांत तो शुद्ध पाणी व सांडपाणी यांचें शास्त्र शिकवूं लागला आणि गांवोगांव हिंडून त्यानें पाणीपुरवठ्याच्या योजना आंखल्या. आसाकुसा येथील बारा मजल्यांचा प्रसिद्ध मनोराहि त्याच्याच आराखड्याप्रमाणें १८९० सालीं उभा राहिला. १९२३ च्या भूकंपांत तो कोसळला. पुढें फोर्मोसा बेटावर, ज्याला आतां तैवान म्हणतात, त्यानें तेंच काम हातीं घेतलें. तेथें त्याची प्रकृति ढासळली व १८९९ सालीं, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, टोकियोंत त्याचा अंत झाला. त्याचें अपुरें काम हामानो याशिरो या त्याच्या शिष्यानें पुढें चालविलें. मनोरा पडला, पण शिष्याच्या हातीं दिलेली विद्या पडली नाहीं.

तिसरा एदोआर्दो किओस्सोने. हा इटालियन कोरीवकाम करणारा १८७५ सालीं जपानला आला. नोटा व तिकिटें यांचे ठसे कोरण्याची कला त्यानें तेथील छापखान्यांत रुजविली. आपण जमविलेला जपानी कलावस्तूंचा मोठा संग्रह त्यानें मृत्युपत्रानें जिनोआ शहराकडे धाडला. तेथें त्याचें संग्रहालय आजहि आहे. संग्रह मायदेशीं गेला, पण संग्राहक मात्र १८९८ सालीं आओयामाच्या मातींत विसावला.

चौथा मनुष्य परदेशीयांच्या भागांत असून जन्मानें जपानी आहे! हिकोझो नांवाचा तेरा वर्षांचा पोर १८५० सालीं गलबत भरकटून समुद्रांत सांपडला. एका अमेरिकन जहाजानें त्याला वांचविलें व अमेरिकेस नेलें. तेथें तो शिकला, जोसेफ हिको झाला आणि १८५८ सालीं अमेरिकन नागरिक बनला. मायदेशीं परत येऊन १८६४ सालीं त्यानें परदेशच्या बातम्या देणारें वर्तमानपत्र काढलें. १८९७ सालीं तो वारला तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें तो परका होता. म्हणून आपल्याच देशांत त्याला परक्यांमध्यें जागा मिळाली.

परंतु ज्या एका मनुष्यासाठीं मीं हा लेख लिहावयास घेतला, तो निराळाच. त्याचें नांव गीदो व्हर्बेक. १८३० सालीं हॉलंडमध्यें त्याचा जन्म झाला. बाविसाव्या वर्षीं तो अमेरिकेस गेला व आर्कान्सा प्रांतांत इंजिनियराचें काम करूं लागला. तेथें पटकीनें त्याला मृत्यूच्या दारांत नेलें. मी बरा झालों तर देवाच्या सेवेला आयुष्य देईन, असा नवस त्यानें अंथरुणावर केला, व तो पाळला. १८५९ सालीं मिशनरी म्हणून तो नागासाकी बंदरांत उतरला. त्या वेळीं जपानांत ख्रिस्ती धर्म स्वीकारणें हा गुन्हा होता व तशा मनाईच्या पाट्या रस्तोरस्तीं लावलेल्या असत. व्हर्बेकनें भांडण केलें नाहीं. त्यानें जपानी भाषा शिकून शाळा चालविली. नवा करार व अमेरिकेची राज्यघटना हीं दोन पुस्तकें तो तरुण सामुराईंना शिकवीत असे. त्याच्यापुढें बसलेल्या विद्यार्थ्यांपैकीं सोएजिमा तानेओमि पुढें परराष्ट्रमंत्री झाला. ओकुमा शिगेनोबु दोनदां पंतप्रधान झाला व त्यानें वासेदा विद्यापीठाची स्थापना केली.

१८६९ सालीं नव्या सरकारनें व्हर्बेकला टोकियोस बोलाविलें. पुढें विद्यापीठ बनलेली शाळा त्यानें चालविली व सरकारचा सल्लागार म्हणून काम केलें. जपाननें आपले थोर पुरुष जग पाहण्यास पाठवावे, अशी सूचना त्यानें लिहून दिली होती. १८७१ सालीं इवाकुरा यांच्या नेतृत्वाखालीं तशी मंडळी खरोखरच निघाली. १८७३ सालीं त्या मनाईच्या पाट्या काढण्यांत आल्या. नंतर सरकारी मान सोडून तो पुन्हां साधा उपदेशक झाला, आणि स्तोत्रें व यशया यांच्या जपानी भाषांतरांत त्यानें मोठा भाग घेतला.

आतां त्याच्या आयुष्यांतील एक विलक्षण गोष्ट पाहा. फार वर्षें बाहेर राहिल्यामुळें हॉलंडचें नागरिकत्व त्यानें गमावलें होतें, व अमेरिकेचें त्याला कधींच मिळालें नव्हतें. ज्याला आपला म्हणणारा एकहि देश उरला नाहीं, असा तो मनुष्य झाला! तेव्हां १८९१ सालीं जपानी सरकारनें त्याला व त्याच्या कुटुंबाला देशांत कोठेंहि राहण्याचा व फिरण्याचा खास परवाना दिला. १८९८ च्या मार्चमध्यें तो टोकियोंत वारला. आओयामांत त्याला जागा मिळाली आणि त्याच्या जपानी शिष्यांनीं व स्नेह्यांनीं त्याच्या थडग्यावर शिला उभारली. त्याचें वारसपण शिष्यांनीं घेतलें.

असे हे लोक तेथें शंभर वर्षें शांत पडून होते. मग त्यांना धोका कशानें उत्पन्न झाला? युद्धानें नव्हे, द्वेषानेंहि नव्हे, तर हिशेबाच्या वहीनें. टोकियोच्या सार्वजनिक दफनभूमींत जमीन विकत मिळत नाहीं. ती वापरण्याचा हक्क मिळतो व त्यासाठीं दरवर्षीं देखभालीचें शुल्क भरावें लागतें. पांच वर्षें शुल्क थकलें तर हक्क रद्द होऊं शकतो. मग सरकारी राजपत्रांत जाहिरात देतात व थडग्यापाशीं फलक लावतात कीं, या जागेच्या हक्कदारानें एका वर्षाच्या आंत पुढें यावें. कोणी न आल्यास अवशेष उचलून सामाईक जागीं ठेवितात व जागा मोकळी करितात. अशा थडग्याला जपानी भाषेंत ‘मुएन’ म्हणतात. ‘एन’ म्हणजे आपण ज्याला ऋणानुबंध म्हणतों तो. ‘मु’ म्हणजे नसणें. ज्याचा कोणाशीं ऋणानुबंध उरला नाहीं, तें मुएन. आपल्या कचेऱ्यांतील भाषेंत बेवारशी.

परदेशीयांच्या भागांतील कित्येक थडग्यांचें शुल्क थकलेलें होतें, आणि २००५ सालीं तीं हलविलीं जाण्याचा प्रसंग आला. मृत मनुष्याचा पणतू एडिंबरोस किंवा न्यू यॉर्कला असावयाचा. टोकियोंतील थडग्यापाशीं लावलेला फलक तो कसा वाचणार? कित्येकांना तर मूलबाळच नव्हतें.

येथें दुसरी बाजूहि न्यायबुद्धीनें ऐकली पाहिजे. टोकियोची वस्ती त्या वेळीं सवा कोटीच्या घरांत होती. तेथें वीतभर जागेलाहि मोल आहे, आणि आपल्या आईबापांच्या अस्थि ठेवण्यासाठीं जागा मागणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. दफनभूमीचा कांहीं भाग उद्यानासारखा मोकळा करावा, असाहि विचार तेथील शासनांत त्या काळीं चालू होता. शिवाय हा नियम परक्यांसाठीं मुद्दाम केलेला नव्हता. जपानी घराण्यांच्या बेवारशी थडग्यांनाहि तोच लागू होतो. मग परदेशीयांनाच सवलत कां द्यावी, असें कोणी विचारील तर तो प्रश्न अन्यायाचा म्हणतां येणार नाहीं.

याचें उत्तर असें कीं, नियम सारखा असला तरी त्याचा परिणाम सारखा होत नाहीं. ज्याचे नातलग त्याच शहरांत राहतात त्याला फलक दिसतो. ज्याचे नातलग समुद्रापलीकडे आहेत त्याला दिसत नाहीं. आणि दुसरें असें कीं, कांहीं माणसें एका कुटुंबाचीं नसतात. पामरच्या नळाचें पाणी एकट्या त्याच्या नातवंडांनीं प्यालें नाहीं. तें साऱ्या योकोहामानें प्यालें. मग त्याचा वारसा एकट्या नातवंडांवर कां टाकावा?

‘थडगें हललें म्हणून काय बिघडतें? माणूस तर केव्हांच गेला,’ असेंहि कोणी म्हणेल. त्यानें चीनमधील शांघाय शहराकडे पाहावें. तेथें बबलिंग वेल नांवाची परदेशीयांची दफनभूमि १८९८ सालीं सुरू झाली होती. १९५० नंतर थोड्याच वर्षांत ती काढून टाकण्यांत आली व १९५५ सालीं त्या जागीं जिंगआन उद्यान झालें. उद्यान सुंदर आहे. वाटेच्या दुतर्फा चिनाराचीं जुनीं झाडें आहेत व सावलींत म्हातारेकोतारे बसतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु त्या मातींत कोण होतें, हें सांगणारा दगड तेथें नाहीं. शिलेवरील लेख हा इतिहासाचा अस्सल कागद असतो: नांव, गांव, जन्म, मृत्यु, कधीं धंदा, कधीं रोगहि त्यावर लिहिलेला असतो. कागद जळला तर त्याची नक्कल दुसरीकडे सांपडण्याचा संभव असतो; पुष्कळ साध्या माणसांच्या बाबतींत मात्र शिला हाच एकमेव कागद असतो.

टोकियोंतील परदेशी रहिवासी हें ओळखून जागे झाले. त्यांनीं या भागासाठीं एक विश्वस्त मंडळ स्थापन केलें. असें काम आरडाओरडीनें होत नाहीं. त्याला तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम प्रत्येक शिलेचा लेख उतरून घेऊन यादी करावी लागते. ज्याचें नांव ठाऊक नाहीं त्याच्यासाठीं रदबदली कोण करणार? दुसरी पायरी वंशजांचा शोध व थकलेल्या शुल्काची तरतूद. तिसरी व कठीण पायरी म्हणजे शासनाला हें पटवून देणें कीं, हीं थडगीं अडगळ नसून शहराच्याच इतिहासाचा भाग आहेत. आपल्या देशांतील व शेजारच्या देशांतील जुन्या युरोपीय दफनभूमींसाठीं १९७६ सालीं इंग्लंडांत एक संस्था निघाली. तिचेंहि मुख्य काम शिलालेख उतरून घेऊन जपणें हेंच आहे.

आओयामाच्या प्रकरणीं शेवट गोड झाला. २००७ सालीं परदेशीयांच्या त्या भागाला विशेष संरक्षण मिळालें. ज्या परदेशी स्त्रीपुरुषांनीं जपानच्या आधुनिक घडणीस हातभार लाविला त्यांचा गौरव करणारा फलकहि आज तेथें आहे. जेथें हक्क रद्द करण्याच्या सूचना लागल्या होत्या, तेथें कृतज्ञतेचे शब्द लागले. हा विजय परदेशीयांचा खरा. परंतु मला वाटतें, त्याहून अधिक तो टोकियो शहराचा आहे. वसूल करावयाचें शुल्क आणि फेडावयाचें ऋण यांतील भेद त्या शहरानें ओळखला.

जपान दूर आहे. आम्हांला त्याचें काय, असें म्हणूं नये. कल्याणची यमुना, जिला आपण डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतों, ती १८८३ सालीं अमेरिकेस गेली व १८८६ सालीं वैद्यकाची पदवी घेऊन परतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तोंच, ती पुण्यास वारली. तिची रक्षा अमेरिकेस, ज्या कार्पेंटरबाईंना ती मावशी म्हणत असे त्यांच्याकडे, पाठविण्यांत आली. त्या बाईंनीं न्यू यॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवीं, आपल्या घराण्याच्या दफनभूमींत, ती ठेविली व वर शिला उभी केली. तेथें एका मराठी मुलीचें नांव आजहि वाचावयास मिळतें. ती शिला उद्यां कोणी बेवारशी म्हणून उचलली, तर आपल्याला काय वाटेल? जें आपल्याला वाटेल, तेंच बर्टनच्या देशबांधवांना वाटलें. लोकांनीं आपल्याशीं जसें वागावें असें वाटतें तसेंच आपण लोकांशीं वागावें, हा नियम जिवंतांपुरताच दिलेला नाहीं.

आपल्या प्रांतांत जेथें जेथें छावणी किंवा मिशन होतें, तेथें बहुधा परक्यांची एखादी जुनी दफनभूमि असते. गवत माजलेलें, भिंत पडलेली, दगड कलंडलेले. त्यांत राज्य करावयास आलेले असतील तसेच शिकवावयास व औषध द्यावयास आलेलेहि असतील. आणि पटकीनें एका आठवड्यांत गेलेलीं लहान मुलेंहि असतील. त्यांचा निवाडा करणें आपलें काम नाहीं. पण सुटीच्या दिवशीं आपल्या शिक्षकांबरोबर, राखणदाराची परवानगी घेऊन, वही-पेन्सिल नेऊन एका रांगेंतील लेख उतरून घेणें हें आपणांस सहज जमण्याजोगें आहे. दगड घासूं नये, त्यावर खडूनें लिहूं नये; जें दिसेल तें अक्षरशः लिहावें, जें दिसत नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. ती वही शाळेच्या ग्रंथालयांत ठेवावी. पालकांनींहि अशा कामास मुलांना जाऊं द्यावें. थडग्यांत भिण्यासारखें कांहीं नसतें.

व्हर्बेकला देश नव्हता, तरी त्याचें थडगें बेवारशी झालें नाहीं. कारण ज्यांना त्यानें अक्षर शिकविलें ते त्याचे झाले होते. आपणांपैकीं प्रत्येकाला कोणी तरी पहिलें अक्षर शिकविलें आहे. त्यांपैकीं कोणाची समाधि कोठें आहे, हें आज घरीं गेल्यावर आपल्या वडील माणसांना विचारा.